गवती धावपट्टीवर विमानाचा अपघात झाला तर जबाबदार कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवताच्या पट्टीवरून उडणारे, अशी पट्टी ज्यांच्या जमिनीवर आहे ते, आणि कधीतरी कोणाच्या तरी शेजारच्या सीटवर बसून गेलेले, असे तिन्हीकडचे लोक आलटून पालटून हेच प्रश्न पाठवत असतात, म्हणून सगळं एका जागी आणलंय. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे जिथे ठोस नियम सांगितलाय तिथे तो कुठला आहे तेही सांगितलंय. तुमची स्वतःची केस असेल तर वकील गाठा, हे वाचून कोर्टात जाऊ नका.

१. डांबर नाही, काँक्रीट नाही, नुसतं गवत. अशा ठिकाणी विमान उतरवणं मुळात कायदेशीर असतं का?

बऱ्याच देशांत असतं. ब्रिटन-अमेरिकेत खाजगी वापराच्या छोट्या पट्टीला विमानतळासारखं लायसन लागत नाही, जमीनमालकाची परवानगी लागते. इंग्लंडमध्ये तर कित्येक शेतं वर्षातले २८ दिवस तात्पुरती पट्टी म्हणून वापरली जातात, कारण तेवढ्यासाठी जमिनीच्या वापराची वेगळी मंजुरी लागत नाही. जर्मनीत मात्र उलटं आहे, तिथे मान्यता असलेल्या जागेवरूनच उडायचं आणि बाहेर कुठे उतरायचं तर आधी परवानगी घ्यायची.

पण एक लक्षात घ्या, पट्टी बेकायदेशीर होती म्हणून अपघाताची जबाबदारी आपोआप मालकावर येते असं नाहीये. मंजुरी नव्हती याचा दंड वेगळा आणि चाक खड्ड्यात का गेलं हा प्रश्न वेगळा. वकील लोक दोन्ही एकत्र कालवायला बघतात, कोर्ट सहसा विचारतं की मंजुरी असती तर हा अपघात टळला असता का.

२. अपघात झाला की पहिलं बोट कोणाकडे जातं?

पायलटकडे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांतच लिहिलंय की विमान कसं चालवायचं याची जबाबदारी पायलट-इन-कमांडची, म्हणजे त्या उड्डाणाच्या प्रमुख पायलटची, कंट्रोल त्याच्या हातात असो वा नसो. अमेरिकेच्या नियम ९१.३ मध्येही तेच, थेट जबाबदारी त्याची आणि शेवटचा शब्दही त्याचाच. शिवाय ९१.१०३ म्हणतो की उड्डाणाआधी धावपट्टीची लांबी आणि आपल्या विमानाला लागणारं अंतर माहीत करून घेणं हे पायलटचं काम आहे.

गवती पट्टीवर तर हे जास्तच लागू होतं, कारण तिथे टॉवर नाही, फायर ब्रिगेड नाही, सकाळी पट्टी तपासून गेलेला कोणी कर्मचारी नाही, मग निर्णय घेणारा माणूस उरतो एकच. म्हणून माझं मत सांगायचं तर ज्या केसमध्ये सुरुवातीलाच जमीनमालकावर खापर फोडलं जातं तिथे आधी पायलटने काय तपासलं होतं ते विचारावं, अर्ध्या वेळा तिथेच उत्तर सापडतं.

३. पट्टी माझ्या शेतात आहे, मी स्वतः विमान उडवत नाही. तरी माझ्यावर केस होऊ शकते?

होऊ शकते, पण लोक घाबरतात तितकी सहज नाही. इथे प्रश्न सातबारा कोणाच्या नावावर आहे असा नसतो, जागेवर ताबा कोणाचा असतो असा असतो. इंग्लंडचा १९५७ चा ऑक्युपायर्स लायबिलिटी अ‍ॅक्ट म्हणतो की ज्याचा ताबा आहे त्याने, परवानगीने आलेला माणूस ज्या कामासाठी आलाय त्या कामापुरता सुरक्षित राहील एवढी रास्त काळजी घ्यायची. बाकी देशांत शब्द वेगळे, पण गाभा बराचसा हाच.

आता रास्त काळजी म्हणजे काय, तर उघड दिसणारा धोका आणि लपलेला धोका यात फरक करा. पट्टीला उतार आहे, एका टोकाला झाडं आहेत, गवत घोट्याएवढं आहे, हे पायलटला वरूनच दिसतं, दिसलं नाही तर दिसायला हवं होतं. पण समजा तुम्ही पाण्याचा पाइप टाकायला पट्टीच्या मधोमध आडवा चर खणला, पाइप टाकून माती परत लोटली, वरून हिरवळ आली, आता वरून बघणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही, आणि पहिल्या पावसात ती माती वीतभर बसली. नोज व्हील म्हणजे पुढचं चाक त्यात रुतलं, चाक धरणारा काटा मोडला, प्रॉपेलर (पुढचा पंखा) जमिनीत घुसला, इंजिन गेलं. इथे तुम्हाला माहीत होतं, पायलटला माहीत असण्याचा मार्ग नव्हता, आणि सांगणं हे एका फोनचं काम होतं. अशी केस मालक हरतो.

म्हणजे तुमचं शेत तुम्हाला विमानतळ करायचं नाहीये, पण तुम्हाला ठाऊक असलेली आणि दुसऱ्याला न दिसणारी गोष्ट पोटात ठेवायची नाही. बुजवलेला चर, सशांची बिळं वाढलेली बाजू, परवा ताणलेली नवीन तार, मऊ झालेला कोपरा, हे सगळं त्यात आलं.

४. विचारून आला आणि मी फोनवर "पट्टी मस्त आहे, या" म्हटलं. त्या वाक्याचं काही होतं का?

होतं, आणि ही गोष्ट सगळ्यात जास्त लोक हलक्यात घेतात. नुसती परवानगी देणं वेगळं आणि माहिती देणं वेगळं. "६०० मीटर आहे, कोरडी आहे" असं तुम्ही सांगितलं, पायलटने त्यावर विसंबून हिशोब केला, आणि प्रत्यक्षात वापरता येण्याजोगी लांबी ४८० निघाली, तर चुकीची माहिती निष्काळजीपणे दिल्याचा वेगळाच दावा उभा राहतो.

उपाय सोपा आहे. जे मोजलंय तेच सांगा, कधी मोजलं ते सांगा, आणि आज सकाळी बघितली नसेल तर "आज बघितलेली नाही" हे शब्द उच्चारा. "मस्त", "एकदम ओके", "कालच एक उतरून गेला" असली वाक्यं टाळा, कालचं विमान हलकं असेल आणि रात्री पाऊसही झालेला असू शकतो. मेसेजवर सांगितलेलं उत्तम, नंतर कोण काय म्हणालं यावर वाद राहत नाही.

५. गवत ओलं होतं, विमान थांबलंच नाही, कुंपणात गेलं. ओल्या गवताला मालक जबाबदार कसा नाही?

कारण पाऊस मालकाने पाडला नाही आणि ओल्या गवतावर ब्रेक लागत नाहीत हे पायलटला शिकवलेलं असतं. ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरण छोट्या विमानांसाठी जे आकडे देतं ते बघा: कडक जमिनीवरचं कोरडं गवत, २० सेंटीमीटरपर्यंत उंच, तर टेकऑफचं अंतर २० टक्क्यांनी वाढतं आणि लँडिंगचं १५ टक्क्यांनी. तेच गवत ओलं असेल तर टेकऑफला ३० आणि लँडिंगला ३५ टक्के. मऊ जमीन असेल तर दोन्हीकडे २५ टक्के किंवा त्याहून जास्त. आणि गंमत अशी की अगदी आखूड कापलेलं ओलं गवत सगळ्यात वाईट, कारण खाली कडक जमीन असली तर ते बर्फासारखं निसरडं होतं आणि लँडिंगचं अंतर ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. "मी तर नुकतंच गवत कापलं होतं" हा बचाव म्हणूनच नेहमी कामाला येत नाही.

हे आकडे एकमेकांत गुणायचे असतात, मिळवायचे नसतात. विमानाच्या माहितीपुस्तकात टेकऑफचं अंतर ४०० मीटर दिलंय, गवत ओलं म्हणून गुणिले १.३, पट्टीला २ टक्के चढ आहे म्हणून गुणिले १.१, झाले ५७२ मीटर, आणि त्यावर प्राधिकरण सुचवतं तो टेकऑफचा सुरक्षा गुणक १.३३ लावला की साधारण ७६१. लँडिंगला तो गुणक १.४३ आहे. कोर्टात तज्ज्ञ साक्षीदार नेमका हाच हिशोब फळ्यावर मांडतो, आणि पायलटने तो केलाच नव्हता असं दिसलं की मालकाचा वकील निवांत होतो.

मालक अडकतो तो वेगळ्या ठिकाणी, म्हणजे पाणी त्याच्या तुंबलेल्या नाल्यामुळे साचत होतं, त्याला ते माहीत होतं आणि तो बोलला नाही, तर पुन्हा प्रश्न ३.

६. न विचारताच उतरला आणि आपटला. आता तोच माझ्यावर केस करतोय, हे चालतं?

केस करणं चालतं, जिंकणं अवघड आहे. आगाऊ घुसलेल्या माणसाप्रतीही थोडं कर्तव्य असतं, इंग्लंडमध्ये त्यासाठी १९८४ चा वेगळा कायदा आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत: धोका तुम्हाला माहीत हवा, तिथे कोणीतरी येऊ शकतं याची कल्पना हवी, आणि त्या धोक्यापासून वाचवण्याची अपेक्षा रास्त हवी. शिवाय नीट दिसणारी सूचना लावली असेल तर बऱ्याचदा तेवढ्याने काम भागतं.

एक मात्र करू नका. कोणी उतरू नये म्हणून पट्टीवर मुद्दाम दगड, खांब, तारा लपवून ठेवणं हे कुठल्याच देशात चालत नाही. पट्टी बंद करायची तर वरून दिसेल असा मोठा पांढरा किंवा पिवळा फुलीचा निशाण टाका आणि जिथे जिथे पट्टीची माहिती छापलीये तिथून ती काढून घ्या.

७. आणि इंजिन बंद पडलं म्हणून नाइलाजाने उतरला असेल तर?

मग तो घुसखोर नाही. जीव वाचवायला दुसऱ्याच्या जमिनीवर यायचा हक्क जवळपास सगळीकडे मान्य आहे, आणि तुम्ही त्याला हाकलून देऊ शकत नाही. पण हक्क आहे म्हणजे फुकट आहे असं नव्हे. अमेरिकेत १९१० साली मिनेसोटाच्या कोर्टाने वादळात धक्क्याला बांधून ठेवलेल्या जहाजाच्या केसमध्ये सांगितलं की जहाज तिथे ठेवणं योग्यच होतं, तरी धक्क्याचं नुकसान भरून द्या. तेच तत्त्व उभ्या पिकात उतरलेल्या विमानाला लावलं जातं.

जर्मन कायद्याने हे फार व्यवस्थित लिहून ठेवलंय: जमीनवाल्याला भरपाईचा हक्क, पायलटने आपलं, विमानधारकाचं आणि इन्शुरन्सवाल्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि ते दिल्यावर जमीनवाल्याने विमान अडवून ठेवायचं नाही. मला हा सगळ्यात समंजस नियम वाटतो, नाहीतर ट्रॅक्टर आडवा लावून "आधी पैसे" म्हणणारे सगळीकडे भेटतात.

८. मी पैसे घेत नाही, फुकट उतरू देतो. याचा फायदा होतो का?

अमेरिकेत खूप होतो. तिथल्या राज्यांत रिक्रिएशनल यूज कायदे आहेत, म्हणजे करमणुकीसाठी जमीन फुकट वापरू दिली तर मालकाची जबाबदारी बरीच कमी होते. अडचण अशी की जुन्या कायद्यांत शिकार, मासेमारी, हायकिंग लिहिलेलं असायचं आणि विमानाचा उल्लेखच नसायचा. रिक्रिएशनल एव्हिएशन फाउंडेशन ही पायलट लोकांची संस्था राज्याराज्यांत त्यात विमान उड्डाण घालून घ्यायच्या मागे लागलेली आहे आणि बऱ्याच राज्यांत ते झालंय सुद्धा. तुमच्या राज्याच्या यादीत आहे का ते बघा.

हे संरक्षण जातं दोन प्रकारे. एक, पैसे घेतले की, आणि "लँडिंग फी नाही, फक्त गवत कापायला वर्गणी" याला कोर्ट काय म्हणेल हे राज्यावर अवलंबून आहे. दोन, माहीत असलेल्या धोक्याबद्दल जाणूनबुजून गप्प बसलात की. म्हणजे प्रश्न ३ मधला चर फुकट पट्टीवरही तुम्हाला गाठतोच.

९. "आपापल्या जबाबदारीवर उतरा" असा बोर्ड लावलाय, सही पण घेतो. पुरे का?

बोर्ड सूचना म्हणून उपयोगी, ढाल म्हणून कच्चा. इंग्लंडमध्ये १९७७ पासून धंदा करणाऱ्याला आपल्या निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू किंवा इजा यांची जबाबदारी कागदावर झटकताच येत नाही. मात्र शेतकऱ्याने धंद्याचा भाग नसताना करमणुकीसाठी जागा वापरू दिली तर त्याला थोडी सूट आहे. अमेरिकेत काही राज्यं वेव्हर (हक्क सोडल्याचा सही केलेला कागद) मानतात, काही अजिबात नाही, आणि घोर निष्काळजीपणा फार थोड्या ठिकाणी माफ होतो.

सही पायलटची असेल तर ती पायलटपुरती. मागच्या सीटवरच्या माणसाने किंवा त्याच्या वारसांनी काहीही सोडून दिलेलं नसतं. माझा सल्ला असा की बोर्डवर जबाबदारीचं वाक्य एक लिहा आणि धोक्यांची यादी चार ओळींत लिहा, कोर्टात उपयोग दुसऱ्या भागाचा होतो.

१०. मित्राच्या विमानात फुकट बसलो होतो, जखमी झालो. मित्रावर दावा लावणं वाईट दिसतं, पण लावता येतो का?

येतो, आणि प्रत्यक्षात पैसे मित्र देत नाही, त्याची इन्शुरन्स कंपनी देते. फुकट नेलं म्हणून काळजी घ्यायचं कर्तव्य संपत नाही. खर्च वाटून घेतला असेल तर मात्र आधी बघा की वाटणी नियमात होती का. अमेरिकेत खाजगी पायलटने निदान आपला समान वाटा स्वतः उचलायला हवा, त्याहून जास्त घेतलं की ते व्यावसायिक उड्डाण ठरू शकतं आणि पॉलिसी हात वर करू शकते.

"धोका पत्करून बसलास" हा बचाव पायलट लोक फार उगाळतात, पण तो क्वचितच चालतो. चालला तेव्हाची केस मात्र प्रसिद्ध आहे, इंग्लंडच्या अपील कोर्टाची, १९९१ च्या लॉ रिपोर्टमधली. दोघं दुपारभर दारू प्यायले, पायलटच्या पोटात साधारण १७ व्हिस्कीएवढी दारू, हवामान इतकं खराब की एअरफील्डवरचं बाकी उड्डाण बंद, दावा करणाऱ्याने स्वतः गाडी चालवत तिथवर नेलं आणि इंजिन चालू करायला मदत केली, विमान वाऱ्याच्या दिशेनेच आणि चढावर उडवलं, लगेच पडलं. पायलट गेला, हा वाचला, आणि कोर्ट म्हणालं की इतका उघड धोका डोळ्यांनी बघून बसलास तर आता तक्रार नाही. म्हणजे हा बचाव चालायला एवढं सगळं लागतं. नुसतं छोट्या विमानात गवतावरून उडालो म्हणून तो लागू होत नाही.

११. मी पट्टीच्या कडेला फोटो काढत उभा होतो, विमान माझ्या अंगावर आलं. मला कोणाची चूक सिद्ध करावी लागेल का?

देशावर आहे. इंग्लंडमध्ये १९८२ च्या सिव्हिल एव्हिएशन अ‍ॅक्टचं कलम ७६ म्हणतं की उडताना, टेकऑफ किंवा लँडिंग करताना विमानाने जमिनीवरच्या माणसाचं किंवा मालमत्तेचं नुकसान केलं तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई मिळते. जर्मनीतही विमानधारकाची जबाबदारी चुकीवर अवलंबून नसते. अमेरिकेत बहुतेक कोर्टं आता चूक सिद्ध करा म्हणतात.

पण तुम्ही फोटोसाठी पट्टीच्या आत घुसून बसला असाल तर तुमची स्वतःची चूक मोजली जाते. बऱ्याच ठिकाणी भरपाई त्या प्रमाणात कमी होते, आणि अमेरिकेतल्या अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिना, व्हर्जिनिया या राज्यांत अजून जुना नियम आहे, निष्काळजीपणाच्या दाव्यात तुमची थोडी जरी चूक निघाली तरी हातात काहीच नाही.

१२. लँडिंगच्या वेळी गाय आडवी आली. गाय शेजाऱ्याची, पट्टी माझी, विमान तिसऱ्याचं.

गायीचं कुंपण कोणी सांभाळायचं होतं हे आधी ठरवा. तुमच्याच परवानगीने ती चरायला सोडली असेल तर तुम्ही, कुंपण मोडलंय हे कळूनही शेजाऱ्याने दुरुस्त केलं नसेल तर तो. पायलटलाही विचारलं जातं की उतरण्याआधी कमी उंचीवरून एक फेरी मारून पट्टी बघितली होतीस का, गवती पट्टीवर ती पद्धत शिकवलेलीच असते. रानटी हरीण, डुक्कर आलं तर सहसा कोणीच जबाबदार नाही.

१३. शेजाऱ्याने पट्टीच्या टोकाला झाडं वाढवलीत, त्यात विमान अडकलं. शेजारी जबाबदार?

साधारणपणे नाही. मोठ्या विमानतळाभोवती उंचीची बंधनं असतात, खाजगी गवती पट्टीला ती नसतात, आणि शेजाऱ्याने तुमच्या छंदासाठी झाडं छाटावीत असं कर्तव्य नाही. लेखी करार असेल तर गोष्ट निराळी. पण झाडं उंच झालीत हे तुम्ही पट्टीच्या माहितीत बदललं नाही तर ते तुमच्याकडे येतं, प्रश्न ४ बघा. विजेच्या तारांचं तसंच, फक्त तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून तारेची माहिती देणं झाडापेक्षा दहापट महत्त्वाचं.

१४. जमीन एकाची, भाड्याने क्लबला, गवत कापतो कॉन्ट्रॅक्टर. मग ताबा कोणाचा?

एकापेक्षा जास्त जणांचा असू शकतो, ज्याच्या हातात जेवढं तेवढी त्याची जबाबदारी. क्लब रोज पट्टी चालवतो म्हणून पहिला तो. मालकाने नाला, कुंपण, मोठी दुरुस्ती आपल्याकडे ठेवली असेल तर तेवढ्यापुरता मालक. गवतवाल्याने मशीनने खोल चाकोऱ्या पाडल्या तर त्याच्यावर जातं, अट एवढीच की माणूस नीट बघून निवडला होता आणि काम झाल्यावर कोणीतरी नजर टाकली होती. क्लबची कायदेशीर नोंदणी नसेल तर मात्र सांभाळा, कारण मग दावा क्लब नावाच्या हवेवर होत नाही, कमिटीतल्या माणसांवर व्यक्तिशः होतो, आणि हे खजिनदाराला नोटीस आल्यावरच कळतं.

१५. विमान माझं, पण उडवत दुसरा होता. मी सुटलो?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात जमिनीवरच्या नुकसानीपुरती मालक किंवा भाड्याने देणाऱ्याला सूट आहे, प्रत्यक्ष ताबा त्याच्याकडे नसेल तर. इंग्लंडमध्ये वर सांगितलेल्या कलम ७६ खाली जबाबदारी मालकाची, मात्र विमान १४ दिवसांपेक्षा जास्त मुदतीसाठी भाड्याने दिलं असेल तर ती भाडेकरूकडे जाते. वीकएंडला मित्राला चावी दिली तर सुटका नाही. आणि ब्रेक कच्चे आहेत हे माहीत असून चावी दिली तर कुठेच नाही.

१६. चाकाचा पाय मोडला. विमान बनवणाऱ्यावर जाता येईल?

विमान नवीन असेल तर विचार करा. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने २० पेक्षा कमी प्रवासी सीटांच्या छोट्या विमानांसाठी १८ वर्षांची मर्यादा घातली, त्यापुढे थोडे अपवाद सोडून उत्पादकावर दावा नाही. गवतावर उतरणारी निम्मी विमानं त्या वयापलीकडचीच वाटतात मला.

१७. इन्शुरन्स आहे म्हणजे काळजी नाही ना?

पॉलिसी उघडून तीन गोष्टी शोधा: लायसन नसलेल्या पट्ट्या चालतात का, पायलटचे किमान तास किती, आणि वजन-अंतराचा हिशोब पाळण्याची अट आहे का. युरोपियन युनियनच्या २००४ च्या ७८५ क्रमांकाच्या नियमाने किमान थर्ड पार्टी कव्हर ठरवलंय, विमानाचं कमाल वजन ५०० किलोच्या आत असेल तर ७.५ लाख एसडीआर, १००० किलोच्या आत १५ लाख, २७०० किलोच्या आत ३० लाख. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. प्रवाशामागे २.५ लाख, पण छोट्या खाजगी विमानांसाठी देशांना ते १ लाखापर्यंत खाली आणता येतं.

जमीनवाल्यांसाठी वेगळी सूचना: शेतीच्या नेहमीच्या पॉलिसीत विमानाशी संबंधित काहीही वगळलेलं असतं, बहुधा बारीक अक्षरात. पट्टीसाठी वेगळं कव्हर घ्या, किंवा येणाऱ्या पायलटच्या पॉलिसीत आपलं नाव घालून घ्या.

१८. अपघात झाल्या झाल्या काय करायचं, आणि तपास रिपोर्ट कोर्टात चालतो का?

आधी माणसं, मग आग, मग तपास यंत्रणेला फोन. त्यांनी सांगेपर्यंत अवशेष हलवू नका, जीव वाचवायला हलवावे लागले तर आधी फोटो. गवतावर टायरचे माग तास-दोन तासांत उठून येणाऱ्या पात्यांखाली गायब होतात, म्हणून टेकल्याच्या जागेपासून थांबल्याच्या जागेपर्यंत टेप लावून फोटो काढा, गवताची उंची फूटपट्टीने मोजा, ओलं असेल तर तळवा फिरवलेला फोटो पण चालेल. विंडसॉकचा, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा, व्हिडिओ काढा. आणि मालकहो, त्या दिवशी खड्डा बुजवू नका, पुरावा नष्ट केला असं दिसतं.

तपासाचा उद्देश पुन्हा अपघात टाळणं हा असतो, दोष वाटणं नाही, नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराच्या परिशिष्ट १३ मध्ये तसं स्पष्ट आहे. तरी इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०१४ मध्ये टायगर मॉथ विमानाच्या अपघाताच्या केसमध्ये ब्रिटिश तपास शाखेचा रिपोर्ट पुरावा म्हणून चालेल असं ठरवलं. अमेरिकेत उलट, तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या रिपोर्टचा कुठलाही भाग भरपाईच्या दाव्यात वापरता येत नाही, तपासनीसांनी नोंदवलेल्या वस्तुस्थितीचा वेगळा अहवाल मात्र येतो.

१९. दावा किती दिवसांत करायचा?

इंग्लंडमध्ये इजेसाठी साधारण ३ वर्षं. पण तिकीट काढून केलेला, करारात बसणारा आंतरराष्ट्रीय प्रवास असेल तर मॉन्ट्रियल करार लागतो आणि तिथे २ वर्षं, त्यानंतर दार बंद. बऱ्याच देशांनी तेच नियम देशांतर्गत पैसे घेऊन केलेल्या उड्डाणालाही लावलेत, त्यामुळे "गवतावरून दहा मिनिटांची जॉयराइड" विकत घेतली असेल तर २ वर्षं धरूनच चाला. मित्राने फुकट फिरवलं तर हा करार नाही.

२०. असा देश आहे का जिथे केसच करता येत नाही?

न्यूझीलंड. तिथे १९७० च्या दशकापासून अपघातातल्या इजेची भरपाई सरकारी योजना देते, चूक कोणाची हे न बघता, आणि बदल्यात इजेसाठी भरपाईचा दावा लावता येत नाही. मोडलेल्या विमानासाठी आणि कुंपणासाठी येतो. दंडात्मक भरपाईची छोटी फट उरते.

२१. पोलीस केस होते का?

बेपर्वाई असेल तर. ब्रिटनच्या एअर नेव्हिगेशन ऑर्डर २०१६ मध्ये विमानाला, किंवा विमानाने इतरांना, बेपर्वाईने वा निष्काळजीपणे धोक्यात घालणं हाच गुन्हा आहे, अपघात झालाच पाहिजे असंही नाही. आणि विमानाला धोक्यात घालणारा पायलटच असला पाहिजे असंही त्यात लिहिलेलं नाही, जमीनवाल्यांनी हे एकदा वाचावं.

२२. पट्टीही माझी, विमानही माझं, पायलटही मीच, आणि जखमी झाला तो माझा पाहुणा. आता?

तुमच्या डोक्यावर दोन टोप्या आहेत आणि पाहुण्याचा वकील दोन्हीवर दावा लावेल, पायलट म्हणून चुकलात आणि ताबेदार म्हणूनही. मग तुमच्या दोन इन्शुरन्स कंपन्या आपापसात भांडतील, विमानवाली म्हणेल खड्ड्यामुळे झालं, जमीनवाली म्हणेल विमानाचं सगळं वगळलंय. इथे "मला खड्डा दिसला नाही" म्हणायची सोय नाही, कारण पट्टी तुमचीच. म्हणून दोन्ही पॉलिसी एकाच ब्रोकरकडे ठेवा, आणि अपघात झाला तर त्याच दिवशी दोन्ही कंपन्यांना वेगवेगळी लेखी खबर द्या, एकीला कळवलं म्हणजे दुसरीला कळलं असं त्या मानत नाहीत.